दौलतरावांच्या फोटोखालची लाल पट्टी

भिलाईला का चाललो हे मी हिंगणघाटात कोणालाच सांगितले नाही. दुकानात म्हणालो, जुना बारदाना बघायला जातो. बारदाना म्हणजे रिकामी पोती. हातगाडीवर पोती गोळा करण्यापासून सुरुवात करून आज माझी दोन गोदामे आहेत, आणि धानाच्या हंगामाआधी छत्तीसगडात बारदान्यासाठी माझे जाणे-येणे असतेच. त्यामुळे कोणी जास्त विचारले नाही.

खरे कारण मोबाईलमध्ये होते. माझे साडू मुकुंदराव भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. त्यांची मुलगी रसिका दुर्गच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तिथल्या मराठी मंडळाने या वर्षी एक भिंत सजवायची ठरवली. इंग्रजांच्या काळात छत्तीसगडात नाव काढलेल्या मराठी माणसांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली माहिती. रसिकाने मागितला म्हणून मी माझ्या पणजोबांचा, म्हणजे रावसाहेब दौलतरावांचा, आमच्याकडचा एकमेव फोटो पोत्यात गुंडाळून, वर पुठ्ठा लावून पाठवला. ते भिलाईजवळच्या उतईच्या पुढे असलेल्या एका गावाचे मालगुजार होते. मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करून सरकारात भरणारा आणि गावावर हुकूम चालवणारा. मालगुजारी गेली तेव्हा आजोबा एक पेटी आणि हा फोटो घेऊन विदर्भात परतले. मला वारशात ना जमीन मिळाली ना पैसा. एक फोटो मिळाला आणि एक नाव, ते मी तीस वर्षे दुकानाच्या पाटीवर लावले.

मुकुंदरावांनी मोठ्या हौसेने भिंतीचा फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. दौलतरावांच्या फोटोखाली लाल पट्टी होती आणि तिच्यावर लिहिले होते, 'इंग्रजांचा हस्तक'.

उद्घाटन रविवारी होते. मी गुरुवारी रात्री गाडीत बसलो.

शुक्रवार, सेक्टरमध्ये

ज्यांनी भिलाई पाहिली नाही त्यांना सांगतो, हे गाव आपल्या गावांसारखे वाढलेले नाही, ते आखलेले आहे. सेक्टरांना नावे नाहीत, नंबर आहेत. रस्ते रुंद, दोन्ही बाजूला जुनी झाडे, त्यांच्या मागे सारख्याच बांधणीचे क्वार्टर. पाळी सुटली की स्कूटरींचा लोंढा येतो आणि दहा मिनिटांत रस्ता पुन्हा मोकळा होतो. आमच्याकडे घर विचारताना कोणाचे, असे विचारतात. तिथे सेक्टर कोणता आणि सडक कितवी, असे विचारतात. माणूस पाच मिनिटांत सापडतो, पण तो कोणाचा कोण हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. मला ते बरे वाटले की वाईट, हे अजून ठरलेले नाही.

माझी मेहुणी सुमनताई दारातच म्हणाली, "भाऊजी, आधी जेवून घ्या, मंग भांडा."

"मी भांडाले आलो असं कोणी सांगतलं?"

"तुमच्या बायकोनं."

ताटात तांदळाच्या पिठाचे चीले होते, टमाट्याची झणझणीत चटणी होती, आणि माझ्यासाठी म्हणून मुद्दाम केलेला झुणका. चीला म्हणजे आपल्या धिरड्याचा भाऊ, पण पातळ आणि मऊ. मी सहा खाल्ले. राग पोटात असला तरी जेवण जाते, हे मी धंद्यात शिकलो आहे.

दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये गेलो. भिंत खरोखर चांगली लावली होती. सोळा फोटो, सारख्या चौकटी. खालच्या पट्ट्या मात्र तीन रंगांच्या. हिरव्या पट्टीवर देशभक्त, समाजसुधारक असे शब्द. पिवळीवर 'वादग्रस्त'. लाल पट्ट्या दोनच, त्यातली एक आमची. फोटोत दौलतराव खुर्चीवर ताठ बसले होते. पागोटे, बंद गळ्याचा कोट, छातीवर सरकारने दिलेले पदक. कमरेपर्यंतचाच फोटो आहे तो, तरी लहानपणी मला ते फार थोराड वाटायचे.

रसिका शिडीवरून उतरली. पोरगी तिशीची, डोळ्यांवर चष्मा, हाताला डिंक लागलेला. "मौसाजी, आले का? बसा नं."

आमच्याकडे मावशीच्या नवऱ्याला काका म्हणतात, तिथे मौसाजी. मी बसलो नाही.

"हे काय लिहून ठेवलं?"

"जे कागदात दिसलं ते."

"कागदात हस्तक लिहिलं आहे?"

"तसं नाही. पण इंग्रजांनी किताब दिला, पदक दिलं. गावकऱ्यांचा एक अर्ज आहे, त्यांच्याविरुद्ध. बेगार घेत होते. बिना मजुरीचं काम. पूरा गाव लावून ठेवलं होतं."

"त्या काळी सगळेच घेत होते."

"म्हणून देणाऱ्याले कमी लागलं का, मौसाजी?"

माझा आवाज चढला. हॉलमध्ये खुर्च्या मांडणारे दोघे थांबले. मी तिला बरेच बोललो, ते सगळे इथे लिहीत नाही. फोटो माझा, तुम्ही गोड बोलून मागवला आणि त्याच्या तोंडाला काळे फासले, असा त्याचा मतलब होता. मुकुंदराव मध्ये पडले. "नामदेवराव, पाणी प्या. पोरगी आहे."

"पोरगी आहे म्हणून तर बोलून राहिलो. दुसरा असता तर फोटो काढून घेऊन गेलो असतो."

मग मी भाव करायला लागलो. रागाने काही मिळत नाही म्हटल्यावर मी नेहमी भावावर येतो. शेजारी एका वकिलांचा फोटो होता, खाली हिरवी पट्टी, 'देशभक्त'. मी विचारले, "या वकीलसाहेबांकडे मालगुजारी होती का?"

ती म्हणाली, "होती. दोन गावं."

"बेगार?"

"असेल. पण ते जेलमध्ये गेले होते, मौसाजी."

"जेलात गेले ते चांगलंच केलं. पण बेगार तर बेगार. त्यांची हिरवी आणि आमची लाल कावून?"

 रसिका चष्मा पुसत राहिली. पोरगी प्रामाणिक आहे, हे मला तेव्हाच कळले, आणि त्याचा मला जास्त राग आला. मग ती हळूच म्हणाली, "लोक एका फोटोपुढं दोन मिनिटं पण थांबत नाहीत. एक शब्द तरी घेऊन जातात. म्हणून शब्द लावला."

माझ्या धंद्यात पोत्यावर छापे असतात. साखर कारखान्याचा छापा, त्यावर गव्हाचा, त्यावर कुठल्या तरी खताचा. छापा बघून पोते घेणारा माणूस वर्षभरात बुडतो. पोते उजेडाकडे धरून बघावे लागते, हात आत घालावा लागतो. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग तुमच्या दुकानाच्या पाटीवर 'रावसाहेब' आहे, तो छापा कोणाचा?"

 तो किताब इंग्रजांचाच. तीस वर्षे मी तो रंगवून घेत होतो.

शेवटी मीच सौदा टाकला. "त्या गावात दौलतरावांनी खोदवलेलं तळं आहे. माझ्या आजोबांनी मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं. उद्या सकाळी तू आणि मी जाऊ. गाव चांगलं म्हणालं तर लाल पट्टी उतरवायची. वाईट म्हणालं तर मी माझ्या हातानं ती ठोकून देतो."

"आणि दोन्ही म्हणालं तर?"

"तसं कोणी म्हणत नाही. माणूस एक भाव सांगतो."

तिने डिंकाचा हात पुढे केला. मी तो धरला.

शनिवार, उतईच्या पुढे

सकाळी सातला निघालो, तिच्या स्कूटीवर, मी मागे. माझ्या वजनाने स्कूटी चढावर कण्हत होती. उतईच्या बाजारात चहा घेतला. तिथून पुढे रस्ता धानाच्या शेतांतून जातो. वैशाखात ती शेते मोकळी, भेगाळलेली, बांधावर एखादे बाभळीचे झाड. आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्यावर काळी जमीन दिसते, इथे जमीन पिवळट आणि कडक. नऊ वाजता ऊन पाठीत शिरले होते.

मग एकदम पाणी दिसले.

तळे माझ्या कल्पनेपेक्षा मोठे होते. छत्तीसगडात तळ्याला तरिया म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा उंच पार, म्हणजे बांध, त्यावर आंब्याची झाडे, खाली दगडी पायऱ्या. वैशाखात, सगळीकडे जमीन तडकलेली असताना, पायऱ्यांना पाणी लागत होते. बाया कपडे धूत होत्या, म्हशी पलीकडे गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. माझी छाती भरून आली हे कबूल करतो. मी रसिकाकडे असे बघितले की, बघ.

नवे बूट काढले, पायजमा वर घेतला आणि तोंड धुवायला पायऱ्या उतरलो. दुसऱ्या पायरीवर शेवाळ होते. घसरलो आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. तोच बाया ओरडायला लागल्या. मला वाटले पडलो म्हणून ओरडताहेत. पण त्या मला बाहेर बोलावत होत्या. एक म्हातारी तर उठून आली आणि माझा हात धरून मला वर ओढले.

"क्या हुआ? पानी में पांव डालना मना है क्या?" मी चिडून विचारले. ओला पायजमा पायाला चिकटला होता आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या.

आंब्याखाली एक म्हातारा बसला होता. कमरेला पंचा, पुढे जर्मनच्या भांड्यात बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, आणि कांदा. तो शांतपणे म्हणाला, "माटी डारे बिना पानी नइ छुवन, साहेब."

माती टाकल्याशिवाय आम्ही पाण्याला हात लावत नाही. मी पाराकडे पाहिले तेव्हा दिसले. येणारी प्रत्येक बाई पायरी उतरण्याआधी खाली वाकून मूठभर माती उचलत होती आणि पारावर टाकून हाताने दाबत होती. लहान पोरी पण. कोणी त्याकडे बघतही नव्हते, आपण चप्पल काढावी तसे.

रसिकाने विचारले, कधीपासून.

"मालगुजार के बेरा ले," म्हातारा म्हणाला. मालगुजाराच्या वेळेपासून.

त्याचे नाव बिसाहू. सगळे त्याला बबा म्हणत होते. त्याने आमच्यापुढे बासी सरकवली. मी रसिकाला खुणावले की आपण कोण ते सांगू नको. बासी थंडगार होती, तिखट कांद्याबरोबर ती उन्हात जशी लागते तशी गोष्ट आमच्याकडे नाही. खाता खाता बबाने सांगितले ते असे.

दुष्काळ पडला होता. मालगुजाराने तळे खोदायला काढले. मजुरी नाही. आधी एक खड्डा खोदून पाणी लागले, तेव्हा त्याने नियम केला. ज्याला पाणी पाहिजे त्याने आधी टोपलीने माती पारावर आणून टाकावी, मग घागर भरावी. पारावर लाठी घेऊन माणूस बसवला होता. बबाच्या आजीची धाकटी बहीण तापाने फणफणलेली होती. ती रिकाम्या हाताने आली, घागर घेऊन. लाठीवाल्याने घागर फोडली. ती तशीच परत गेली. आजी हे दर उन्हाळ्यात सांगायची.

"फिर वो बहन?" मी विचारले.

बबाने मान हलवली. वाचली की नाही, ते त्याने सांगितले नाही. मी पुन्हा विचारले नाही.

 पण सौदा सौदा असतो, भाव तर विचारायलाच हवा. "बबा, आदमी कैसा था? अच्छा था कि बुरा?"

"मालगुजार रिहिस," तो म्हणाला. मालगुजार होता.

"वो तो ठीक है. पर अच्छा कि बुरा?"

बबाने तळ्याकडे हात केला. "तरिया बने हे." तळे चांगले आहे. मग बोटे पाण्याच्या भांड्यात बुडवून धुतली आणि म्हणाला, "लउठी घलो रिहिस." लाठी पण होती.

मी तिसऱ्यांदा विचारणार होतो. आयुष्यभर मी तिसऱ्यांदा विचारूनच भाव पाडले आहेत. पण त्याचा चेहरा असा होता की त्याच्याकडे दुसरा भाव नव्हताच. तो टाळत नव्हता. त्याने पूर्ण उत्तर दिले होते.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितले, मी त्यांचा पणतू. बाया कुजबुजल्या. मला वाटले बबा उठून जाईल, किंवा पाया पडेल. दोन्हीची मला भीती होती. त्याने फक्त माझ्या ओल्या पायजम्याकडे पाहिले.

"तब तो तहूँ माटी डार," तो म्हणाला. मग तर तूही माती टाक.

मी पार उतरलो, शेताच्या कडेची माती खणली. उन्हाने ती दगडासारखी झाली होती, नखात गेली. पारावर टाकून हाताने दाबली. मग तोंड धुतले. पाणी गोड आहे.

निघताना मी बबाला सांगितले, उद्या फोटो बघायला या, मी गाडी पाठवतो.

आम्ही परत निघालो. उतईजवळ रसिका म्हणाली, "मी कागद पाहिले होते, मौसाजी. तळं पाहिलं नव्हतं."

"मी तळं ऐकलं होतं," मी म्हणालो. "लाठी कोणी सांगितली नव्हती."

शनिवार संध्याकाळ, कॅम्प-1

सुमनताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही नवी पट्टी लिहायला बसलो. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड सौदा. तिला 'जबरदस्तीने' पाहिजे होते, मला 'दुष्काळात'. दोन्ही ठेवले. तिने 'हस्तक' सोडला, मी 'थोर' सोडला. 'रावसाहेब' काढून टाक, असे मीच रागात म्हणालो, तर ती म्हणाली, काढायचे नाही, कोणी दिले ते लिहायचे. घागर लिहायची की नाही यावर मी सर्वात जास्त अडलो.

"हे 'हस्तक'पेक्षा जड पडेल," ती म्हणाली. "नको तर राहू द्या. तुमचा फोटो आहे."

सुमनताई भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "कोणाची घागर फुटली ते तर त्या बिचारीचं आहे, भाऊजी. त्याले नाही म्हणणारे तुमी कोण?"

घागर राहिली.

पट्टी छापून घ्यायला मी आणि मुकुंदराव कॅम्प-1 ला गेलो, म्हणजे भिलाईच्या जुन्या दाट वस्तीत. सेक्टरमधली आखणी इथे संपते. गल्ल्या, भाज्यांचे ठेले, कामगारांची घरे एकमेकांना खांदा लावून उभी. तिथल्या एका छपाईवाल्याने मजकूर वाचला, मग पुन्हा वाचला.

"ये आपके अपने दादाजी हैं?"

"परदादा."

"लोग तो यहाँ तारीफ छपवाने आते हैं." त्याने पट्टीचा रंग विचारला. मी म्हणालो, पांढरा. त्याने सांगितलेल्या दराला मी काही बोललो नाही. मुकुंदराव माझ्याकडे, माझीच तब्येत बरी नसल्यासारखे, बघत राहिले.

रविवार

उद्घाटन झाले. भाषणे झाली, ती आपल्याकडच्यासारखीच लांब. वकीलसाहेबांची पट्टी हिरवीच राहिली आणि दुसऱ्या एकाची लाल तशीच. मंडळाचे अध्यक्ष त्याच वकिलांच्या घरचे. रसिकाने त्यांच्यापुढे विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या मौसाजीनं आपल्या माणसाचं खराब करून घेतलं, आता आमचं कावून?" तिथे माझा इलाज नव्हता. ते फोटो माझे नव्हते.

दुपारी बबा आला. धुतलेला पंचा, खांद्यावर टॉवेल. हॉलच्या दारात चप्पल काढायला वाकला, मी म्हटले राहू द्या, पण त्याने काढलीच. मी त्याला दौलतरावांपुढे नेले.

त्याने मालगुजाराला कधी पाहिले नव्हते. त्याच्या आजीने सांगितले तेवढेच. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. पागोट्याखालचा चेहरा, कोटाचे पडलेले खांदे, गळ्याशी निघालेले हाड. मी जन्मभर हा फोटो पाहिला होता, ते हाड मला त्या दिवशी दिसले.

"अतेक दुब्बर रिहिस?" बबा म्हणाला. इतका हडकुळा होता?

मग त्याने पट्टीवर बोट ठेवले. "पढ़ के सुनाव." वाचता येत नव्हते त्याला. रसिका पुढे झाली, पण त्याने माझ्याकडेच बघितले. आजूबाजूला पंधरा-वीस माणसे असतील. मी वाचले, एकेक वाक्य मराठीत, मग हिंदीत.

"दौलतराव, मालगुजार. इंग्रज सरकारने यांना रावसाहेब हा किताब दिला. दुष्काळात यांनी गावाचे तळे खोदवले. माती गावाने वाहिली, जबरदस्तीने, मजुरीशिवाय. एक टोपली माती आणल्याशिवाय पाणी मिळत नसे. आजारी बाईची घागर फोडली गेली. तळ्याला आजही पाणी आहे."

 बबा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने मान हलवली, नाही अशी.

"एक नइ, साहेब," तो म्हणाला. "दू झउहा."

एक नाही. दोन टोपल्या.

मी त्याच्याकडे पाहिले. समोरच्याने आकडा वाढवला की माझ्या तोंडून आपोआप उत्तर येते, चाळीस वर्षांची सवय आहे. या वेळी आले नाही. मी खिशातला पेन काढला.

"नामदेवराव, छापलेलं खराब करून राहिले," मुकुंदराव मागून म्हणाले.

मी 'एक टोपली' खोडून वर 'दोन टोपल्या' लिहिले. पट्टीचा कागद चकचकीत होता, शाई धरत नव्हती, म्हणून दोनदा गिरवावे लागले. बबा वाकून बघत होता. अक्षरे त्याला लागत नव्हती, पण कुठे खोडले ते दिसत होते. त्या जागेवर त्याने बोट ठेवले आणि शाई वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला.